घाटावरचा पाहुणा

पावसाळा ओसरला की शनिवारी रात्री हुबळी-धारवाडहून निघालेल्या मोटारी अनमोडचा घाट उतरू लागतात आणि रविवारचे ऊन तापण्यापूर्वी बायणे, सडा, बोगमाळो, होलांत या मुरगावच्या किनाऱ्यांवर येऊन थांबतात. ज्यांना मोटार परवडत नाही ते आगगाडीने वास्कोला उतरतात. हातात पिशव्या, खांद्यावर झोपलेले मूल आणि मनात समुद्र पाहण्याची अधीरता, असा हा पाहुणा. दोन दिवस ऊन खावे, वाऱ्यावर बसावे, चार घास चवीचे जेवावे, ज्याला चालते त्याने एखादा पेला घ्यावा आणि सोमवारी सकाळी आपापल्या कचेरीत, शाळेत, दुकानात हजर व्हावे, एवढीच त्याची मागणी असते. गोमंतकाच्या पर्यटनाच्या हिशेबात मात्र या पाहुण्याचे नाव जमेच्या बाजूस क्वचितच लिहिले जाते. परदेशांतून येणारी विमाने कमी झाली की आपण सुतक पाळतो. घाटावरून माणसे आली की नाक मुरडतो. तो पैसे खर्च करीत नाही, किनाऱ्यावर चुली मांडतो, बाटल्या फोडतो, कचरा टाकून जातो, अशी तक्रार सभागृहापासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येते. या तक्रारीत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पाहुण्याचे दोष मोजण्यापूर्वी यजमानाने आपले घर एकदा पाहून घ्यावे, हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुरगावचे द्वीपकल्प निसर्गाने हात सैल सोडून घडविले आहे. उत्तरेला झुवारीचे विस्तीर्ण मुख, पलीकडे दोना पावलचा आणि काबोचा किनारा, पश्चिमेला आणि दक्षिणेला उघडा सिंधुसागर, दूरवर पाण्यात बसलेले ग्रांद बेट. १६८३ साली संभाजी महाराजांच्या स्वारीने धास्तावलेल्या पोर्तुगीजांनी आपली राजधानीच येथे हलविण्याचा घाट घातला होता. तो तडीस गेला नाही, याबद्दल निसर्गप्रेमी मनुष्याने देवाचे आभारच मानावेत. सड्याच्या टेकाडावरून सूर्यास्त ज्याने पाहिला आहे त्याला आम्ही काय म्हणतो ते समजेल.

हा पाहुणा काल-परवाचा नव्हे. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये १८७८ च्या डिसेंबरात जो तह झाला, त्यातून मुरगावचे बंदर आणि लोहमार्ग यांचा जन्म झाला. १८८८ च्या फेब्रुवारीत हा मार्ग सरहद्दीला भिडला आणि पलीकडून सदर्न मराठा रेल्वे त्याला येऊन मिळाली. त्या कंपनीचे मुख्य कार्यालय धारवाडला होते. धारवाडकडचा कापूस समुद्राला लागावा हा व्यापाऱ्यांचा हेतू. मालाचा हिशेब कंपन्यांनी चोख ठेवला असेल. माणसे किती आली-गेली आणि त्यांनी एकमेकांना काय दिले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पोर्तुगीज अमदानीत इंग्रजी आणि मराठी शिक्षणासाठी बेळगाव-धारवाडची वाट धरणारे गोमंतकीय तरुण याच गाडीने गेले. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ज्या अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, त्यांच्याच मुलांकडून, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून, मल्लिकार्जुन मन्सूर यांनी विद्या घेतली. धारवाडच्या त्या गवयाचे गाणे ऐकताना गोमंतकीय रसिकाला ते परके वाटले नाही, यात नवल ते काय?

कॅसलरॉकला आणि कुळ्याला सामान उलगडून जकातीच्या शिपायांसमोर उभे राहावे लागे, ते दिवस आठवणारी माणसे आता थोडी उरली आहेत. १९५५ साली नाकेबंदीमुळे ही वाट बंद पडली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला सत्याग्रही ज्या बाजूंनी गोव्यात शिरण्यास निघाले, त्यांत कॅसलरॉकची बाजूही होती, आणि कर्नाटकातील माणसे त्या लढ्यात मागे नव्हती. गोवा मुक्त झाल्यानंतर मार्ग पुन्हा खुला झाला. १९९० नंतरच्या दशकात अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आले, आणि आज हावड्याकडून येणारी अमरावती एक्स्प्रेस हुबळी-धारवाडच्या माणसांना घेऊन सदतीसात एक या चढणीचा तोच ब्रागांझा घाट उतरते. वाटेत सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारा दूधसागर खिडकीशी येतो. तेथे उतरून रुळांवरून चालण्याचा मोह अनेकांना होतो. २०२३ च्या जुलैत असे मोहात पडलेले पर्यटक पकडले गेले आणि त्यांना रुळांच्या कडेला उठाबशा काढाव्या लागल्या, तेव्हा सबंध देश हसला. डब्यात बसूनच धबधबा पाहा, असे रेल्वेने त्यावेळी सांगितले. ते योग्यच होते. फक्त गाडीने तेथे दोन मिनिटे धीमे व्हावे, एवढी विनंती रेल्वेलाही करावीशी वाटते.

मागील हिवाळ्यातील एका रविवारी सायंकाळी सड्यावरील जपानी उद्यानात आम्ही बसलो होतो. शेजारी धारवाडकडचे एक शिक्षक आपल्या कुटुंबासह बसले होते. पत्नी, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई. म्हातारीने आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला होता आणि ती त्याच्याकडे, शेतातील उभ्या पिकाकडे पाहावे तशी, एकटक पाहत होती. थोड्या वेळाने त्यांनी फडके सोडले. आत ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरली वांगी, ज्यांना तिकडे एण्णेगाई म्हणतात. "घ्या की सर," शिक्षकांनी भाकरी पुढे केली. आम्ही ती घेतली, आणि खावयास बसलो म्हणून विचारण्याचा अधिकारही घेतला: गोव्यात येऊन घरची भाकरी का? ते हसले. "दोन ठिकाणी विचारलं बघा. आमची आई मासे खात नाही म्हटलं, तर पुरी-भाजी आहे म्हणाले. पुरी-भाजी आमच्या हुबळीच्या स्टँडवर मिळते की!"

या उत्तराने आम्ही खजील झालो, हे कबूल केले पाहिजे. ज्या गोमंतकाच्या घराघरांत खतखते शिजते, मुगागाठी होते, अळसांद्यांचे तोणाक होते, सणाला मणगणे होते, सोलकढीशिवाय ज्याचे जेवण पुरे होत नाही, त्या गोमंतकाने शाकाहारी पाहुण्याला पुरी-भाजी वाढावी? आपल्या देवळांच्या समाराधनेत पानावर जे पदार्थ येतात त्यांतील चार जरी एखाद्या खानावळीने रविवारी मांडले, तरी ही माणसे ते आनंदाने, पैसे मोजून खातील आणि पुढल्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन येतील. पण वास्कोतील भोजनगृहांचे फलक पाहिले तर गोबी मंचुरी, पनीर आणि फ्राइड राइस यांचेच राज्य. हुबळीचा मनुष्य हुबळीत जे खातो तेच येथे महाग दराने खाण्यासाठी त्याने घाट का उतरावा?

जे मत्स्याहारी आहेत त्यांची गत फारशी निराळी नाही. हुबळी-धारवाडमध्ये सावजींच्या खानावळी प्रसिद्ध आहेत. तेथील जहाल रस्सा पचविणाऱ्या माणसाला आमच्या रेशादाची भीती घालण्याचे कारण नाही. त्याला खारीवाड्यावर त्याच सकाळी उतरलेला बांगडा हवा, तिसऱ्यांचे सुके हवे, किसमूर हवी, उकड्या तांदळाचा भात आणि त्यावर हुमण हवे. समुद्राच्या काठावर राहणाऱ्या माणसांना ताज्या माशाचे अप्रूप राहिलेले नाही. चारशे-पाचशे रुपयांत पोटभर जेवण मिळेल काय, अशा विवंचनेत असलेल्या घाटावरच्या गृहस्थाला ते असते. पण फलकावर माशाच्या नावापुढे दर लिहिलेला नसतो, 'आकारानुसार' असा शब्द लिहिलेला असतो. हा शब्द म्हणजे मध्यमवर्गीय पाहुण्याच्या उरावर ठेवलेला धोंडा होय. मासा किती मोठा, हे तो ताटात आल्यावर कळते. दर किती, हे जेवण झाल्यावर कळते. मुलांसमोर, पत्नीसमोर घासाघीस करण्याची लाज वाटते म्हणून तो मुकाट्याने पैसे देतो आणि पुढल्या खेपेला गॅसची शेगडी बरोबर आणतो. मग आपण म्हणतो, हे लोक किनाऱ्यावर चुली मांडतात!

शिवाय जून आणि जुलै हे ६१ दिवस मासेमारीबंदीचे असतात. त्या काळात 'ताजा' म्हणून जे वाढले जाते त्याविषयी न बोललेलेच बरे. याच दिवसांत सुकी सुंगटे, खारा बांगडा, आंब्याचे सासव अशी आपल्या पावसाळी जेवणाची खरी चव पाहुण्याला दाखविता येईल. ते कोणाला सुचत नाही.

आता पेल्याविषयी. आम्ही मद्याचे पुरस्कर्ते नव्हे. ज्या चळवळीच्या संस्कारांत आम्ही वाढलो, तिने दारूच्या दुकानांपुढे निदर्शने केली होती, आणि तो संस्कार अजून पुसला गेलेला नाही. परंतु गोव्यात राहून द्राक्षासवाचा विषय टाळणे म्हणजे डोळे मिटून दूध पिण्यासारखे आहे. येथील कित्येक ख्रिस्ती घरांत जेवणाबरोबर एक लहान पेला घेण्याची रीत आहे. तो पेला भांडणासाठी नसतो, विसर पडावा म्हणून नसतो; जेवण सावकाश व्हावे, गप्पा रंगाव्यात म्हणून असतो. ही रीत पाहण्यासारखी आहे. पाहुण्याला मात्र ती दिसत नाही. त्याला दिसते ते रस्त्याच्या दुतर्फा टांगलेल्या स्वस्त बाटल्यांचे तोरण.

गंमत अशी की 'गोव्याची पोर्ट वाईन' म्हणून जी गोड, लालभडक बाटली त्याच्या हाती दिली जाते, तिच्यातील द्राक्षे गोव्यात पिकत नाहीत. आपल्या दमट हवेत द्राक्षाचा वेल तग धरीत नाही. खरी पोर्ट ही पोर्तुगालमधील दोउरो नदीच्या खोऱ्यातील द्राक्षांची. नाव त्या बंदराचे, पोर्तोचे. गोव्यातील बाटलीची द्राक्षे घाटावरून येतात. कर्नाटकाने २००७ साली द्राक्षमद्याविषयी स्वतंत्र धोरण आखले, आणि विजापूरची द्राक्षे सर्वश्रुतच आहेत. म्हणजे हुबळीचा गृहस्थ घाट उतरून गोव्याला येतो आणि आपल्याच अंगणातल्या द्राक्षाचा रस परदेशी नावाने पितो! जे खरोखर येथले, ते म्हणजे फेणी. काजूचे झाडही मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी आणलेले. पण ते या डोंगरांत रुजले आणि त्याच्या बोंडांतून गोमंतकीय शेतकऱ्याने जे काढले ते जगात दुसरीकडे कोठे होत नाही. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली राज्याने तिला वारशाचा दर्जा दिला. मार्च ते मे या दिवसांत भट्ट्या पेटतात, पहिल्या धारेचा हुर्राक उतरतो, सबंध रान बोंडांच्या वासाने भरून जाते. पिणे न पिणे ज्याचे त्याने ठरवावे. पण ती भट्टी, तो कष्टकरी, ते मातीचे आणि तांब्याचे भांडे पाहण्यास कोणती हरकत आहे? हुबळीच्या पाहुण्याला फेणी म्हणजे उग्र वासाची, मित्रांना चकविण्यासाठी न्यावयाची बाटली एवढेच ठाऊक असेल, तर तो दोष विक्रेत्यांचा आणि आपल्या पर्यटन खात्याचा आहे.

येथे पाहुण्यालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. स्वस्त मिळते म्हणून घशाखाली ओतणे, आणि तशाच अवस्थेत रात्री अनमोडच्या वळणांवर चाक हाती धरणे, याला मौज म्हणत नाहीत. ज्या घरी सोमवारी परतावयाचे त्या घराची आठवण ठेवून पेला खाली ठेवता आला पाहिजे. वाळूत बाटली फोडणारा मनुष्य हुबळीचा असो, पुण्याचा असो वा मडगावचा, त्याची गय करण्याचे कारण नाही. पहाटे अनवाणी रापण ओढणाऱ्या रापणकाराच्या पायात ती काच जाते. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ साली कायदा झाला. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन उघड्यावर मद्यपान करणे आणि अन्न शिजविणे दंडनीय ठरले. कायदा आम्हांस मान्य आहे. पण ज्याला दुपारच्या उन्हात बसावयास सावली नाही, पत्नीला कपडे बदलावयास आडोसा नाही, म्हाताऱ्या आईला न्यावयास स्वच्छ शौचालय नाही, त्याच्या हाती केवळ दंडाची पावती देणारे राज्य यजमान म्हणविण्यास पात्र ठरते काय?

त्या सायंकाळची एक गोष्ट सांगावयाची राहिली. उठताना म्हातारीने आधारासाठी कठडा धरला आणि हात काढला तो काळा निघाला. तिने तो पदराला पुसला आणि सुनेला कानडीत काहीतरी विचारले. सुनेने आमच्याकडे पाहिले. आम्ही काय सांगणार? बंदरात परदेशांतून कोळसा उतरतो, उघड्या ढिगांवरून वाऱ्याबरोबर उडतो आणि वास्कोच्या खिडक्यांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. येथील रहिवाशांनी त्याविरुद्ध किती निवेदने दिली, २०१७ च्या जनसुनावण्यांत किती गर्दी केली, हे आमच्या वाचकांना सांगणे नको. हाच कोळसा वाघिणींत भरून घाट चढतो, हुबळीवरून पुढे बळ्ळारीकडील पोलाद कारखान्यांना जातो. ज्या रुळांनी पाहुणा समुद्राकडे उतरतो, त्याच रुळांनी कोळसा त्याच्या दारावरून जातो. ती काजळी केवळ वास्कोची, असे धारवाडच्या गृहस्थाने समजू नये.

होस्पेटपासून वास्कोपर्यंत रुळांची दुसरी जोडी टाकण्याचा प्रकल्प पुढे आला तेव्हा ही गाठ अधिकच स्पष्ट झाली. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरच्या फाटकावर हजारो माणसे रात्रभर रुळांशेजारी जागली. कॅसलरॉक ते कुळे हा टप्पा भगवान महावीर अभयारण्यातून आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जातो. त्या टप्प्यास मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात रद्द केली. पोलाद नको असे कोणी म्हणत नाही. आगगाडीचे रूळही पोलादाचेच असतात. पण दूधसागराचे रान कापून आणि मुरगावचे आकाश काळवंडून ते करावयाचे असेल, तर त्याचा जाब विचारण्याचा हक्क जितका वास्कोच्या गृहिणीचा आहे तितकाच, सुट्टीच्या दोन दिवसांसाठी वर्षभर पैसे साठविणाऱ्या हुबळीच्या कारकुनाचाही आहे. त्याने तो तेथे, आपल्या लोकप्रतिनिधींपुढे बजावावा. आजवर हा आवाज एकट्या गोव्याचा राहिला, आणि म्हणूनच तो दिल्लीला क्षीण ऐकू येतो.

म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्यांत वितुष्ट आहे आणि ज्या शहरांच्या तहानेचा दाखला कर्नाटक सरकार देते ती शहरे नेमकी हुबळी-धारवाडच होत. २०१८ च्या ऑगस्टात लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी वाटून दिले. गोव्याचे या प्रश्नावरील म्हणणे आम्ही या स्तंभातून वेळोवेळी मांडले आहे आणि त्यात तसूभरही बदल झालेला नाही. तो तंटा न्यायालयात लढावा, नेटाने लढावा. पण त्याचा राग बायण्याच्या वाळूवर खेळणाऱ्या एखाद्या धारवाडच्या पोरावर काढणारे महाभाग अलीकडे दिसू लागले आहेत, त्यांना आवरले पाहिजे.

व्यवहाराच्या भाषेतच बोलावयाचे तर वास्कोला आज या पाहुण्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपाचे विमानतळ सुरू झाले आणि डाबोळीची काही विमाने तिकडे वळली. टॅक्सीवाले, लहान हॉटेलवाले यांच्या तोंडी तीच चिंता आहे. विमाने जातील, येतील. आगगाडी मात्र मुरगावलाच येऊन थांबणार, कारण तिच्यापुढे समुद्र आहे. तिच्यातून उतरणाऱ्या कुटुंबासाठी स्थानकाजवळ रास्त दराचे एक स्वच्छ विश्रामगृह, किनाऱ्यांवर शौचालये आणि झाडांची सावली, भोजनगृहांत ठळक अक्षरांत दरपत्रक, आणि महिलामंडळांना चालविण्यास दिलेल्या दोन-चार खानावळी, इतक्या गोष्टींसाठी परदेशी सल्लागार नेमावा लागत नाही.

एक गोष्ट तर पैशाविनाही होण्यासारखी आहे. पठारावर वाढलेल्या माणसाला समुद्र ठाऊक नसतो. तळ्यात पोहणारा तरुण लाटेला तळे समजतो, खडकावरील शेवाळाला माती समजतो, आणि सुट्टी संपण्यापूर्वी त्याच्या घरी फोन करण्याची पाळी पोलिसांवर येते. धोक्याच्या सूचना इंग्रजीत लिहिलेल्या असतात, त्या त्याच्या आईला वाचता येत नाहीत. बायणे, बोगमाळो आणि होलांत येथे भरती-ओहोटीच्या वेळा, खोल पाण्याच्या आणि निसरड्या खडकांच्या जागा कानडीत लिहिलेले फलक नगरपालिकेने आणि पंचायतींनी येत्या हंगामापूर्वी लावावेत. त्यासाठी एक रंगारी आणि एक कानडी शिक्षक पुरे. वास्कोत कानडी शाळा आहेत. शिक्षक शोधण्यास घाट चढावा लागणार नाही.